हुकेल म्हणून: गेममधल्या मुदतींचा हिशेब

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दोन-तीन दिवसांत गोव्यात म्हापसा, पणजी, फोंडा, डिचोली इथे गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीच्या फळांचा बाजार भरतो. कवंडळं, कांगणां, आंबाडे, तोरिंगं, नारळाची पेण, सुपारीचा घोस, आणि यातलं बरंचसं रानात फिरून काढलेलं. चार दिवसांनी तोच माल शोधायला गेलात तर मिळत नाही, कारण तो पावसाबरोबर येतो आणि पावसाबरोबर जातो. ही टंचाई खरी आहे. मानकुराद आंब्याची खरी आहे, जून-जुलैच्या मासेमारीबंदीतली इसवणाचीही (सुरमईचीही) खरी आहे.

त्याच चवथीला घरातल्या एखाद्या फोनवर लिहिलेलं असतं, 'इव्हेंट संपायला २ दिवस १४ तास'. सगळे मूळ घरी जमलेले असतात, गाव सत्तरी तालुक्याच्या आतल्या बाजूला, नेटवर्क अंगणाच्या एका कोपऱ्यात मिळतं आणि बाकी कुठेच नाही. आरतीच्या आधी एक पोरगा त्या कोपऱ्यात जाऊन लॉगिन करून येतो. तो का जातो, हे मोठ्यांना कळत नाही. त्याला मात्र नेमकं ठाऊक असतं की आज हजेरी चुकली तर सातव्या दिवसाचं बक्षीस जाईल.

ते बक्षीस बहुधा एखादी स्किन असते, म्हणजे पात्राचा किंवा शस्त्राचा नवा वेश. मुदत संपल्यावर त्या स्किनचं काय होतं? ती सुकत नाही, कुजत नाही. तिची फाइल होती तिथेच राहते, फक्त 'देता येते' या जागी 'देता येत नाही' एवढी नोंद बदलते. कवंडळाला मुदत पाऊस देतो, स्किनला मुदत कंपनीतला कुणीतरी आकडा भरून देतो. मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच. आकडा असल्यामुळे त्याचा हिशेब मांडता येतो, आणि तो सीझनच्या, म्हणजे गेमच्या ठरावीक दिवसांच्या हंगामाच्या, पहिल्या आठवड्यात मांडावा लागतो. शेवटच्या आठवड्यात तो हिशेब गेमच तुमच्यासाठी मांडते, पैशात.

काहीतरी हुकेल या धास्तीला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'फोमो' म्हणतात. ती मुळात कशावर चालते हे आधी पाहू, कारण पुढची प्रत्येक युक्ती त्यावर उभी आहे. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावण्याचं दुःख माणसाला जास्त बोचतं. १९९२ च्या त्यांच्या लेखात हे प्रमाण साधारण सव्वादोन पट निघालं. शंभर रुपये हरवल्याची चुटपुट मिटायला शंभर मिळून पुरत नाहीत. म्हणून गेम कधीच 'आज खेळलात तर ६० गुण मिळतील' एवढ्यावर थांबत नाही. ती तुम्हाला ते ६० आधी दाखवते, तुमच्या नावावर मांडते आणि मग ते जात असल्याचं दाखवते.

मांडणी बदलली की तोच आकडा कसा वेगळा लागतो, याचं उदाहरण 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेमचं आहे. २००४ मध्ये ती बाजारात येण्याआधी, चाचणीच्या काळात, फार वेळ खेळलं की मिळणारे अनुभवगुण निम्मे होत. खेळाडू चिडले. मग ती बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने नावं बदलली. विश्रांती घेऊन आलात तर २०० टक्के, विश्रांतीचा साठा संपला की नेहमीचे १०० टक्के. गणित जवळपास तेच राहिलं, आणि तीच माणसं खूश झाली. खेळाडूवर लादलेली शिक्षा आणि खेळाडूला दिलेलं बक्षीस यांत कधीकधी फक्त शब्दांचा फरक असतो.

दुसरा आधार अर्धवट राहिलेल्या कामाचा. नुनेस आणि ड्रेझ या संशोधकांनी २००६ मध्ये गाड्या धुण्याच्या एका केंद्रावर कार्डं वाटली. काहींना ८ शिक्के हवे असलेलं कोरं कार्ड दिलं, काहींना १० शिक्के हवे असलेलं, पण २ शिक्के आधीच मारलेलं. दोघांनाही ८ वेळाच गाडी धुवायची होती. कोऱ्या कार्डवाल्यांपैकी १९ टक्क्यांनी ते पुरं केलं, दोन शिक्केवाल्यांपैकी ३४ टक्क्यांनी. आता कुठलाही बॅटल पास, म्हणजे खेळत गेलं की पायरीपायरीनं बक्षिसं देणारी यादी, उघडून बघा. पैसे न भरताही पहिल्या दोन-तीन लेव्हल पटापट होतात आणि पट्टी थोडी भरलेली दिसते. ते दोन शिक्के हेच.

बॅटल पासबद्दल सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या मुलांचे आणि तरुणांचे सर्वांत जास्त तास त्यात जातात. याची सुरुवात व्हॉल्व्ह कंपनीच्या 'डोटा २' या गेममध्ये २०१३ साली झाली. तेव्हा त्याला कंपेंडियम म्हणत, आणि विक्रीचा चौथा हिस्सा स्पर्धेच्या बक्षिसात जायचा. डिसेंबर २०१७ मध्ये 'फोर्टनाइट'ने दुसऱ्या सीझनला ७० पायऱ्यांचा पास काढला आणि तो साचा सगळीकडे पसरला. एक फुकट रांग, एक पैशाची रांग, ठरावीक दिवस, आणि सर्वांत देखणी गोष्ट शेवटच्या पायरीला.

याचं गणित कसं बसवतात ते एका कल्पित पासवर बघू. पास १०० लेव्हलचा, सीझन ६० दिवसांचा. रोजची मिशनं केली तर दिवसाला अर्धी लेव्हल, आठवड्याची सगळी केली तर ५, आणि मध्ये एक इव्हेंट १५ लेव्हलचा. रोजची ३०, आठवड्याचे ९ संच म्हणून ४५, इव्हेंटच्या १५. बेरीज ९० झाली. उरलेल्या १० नुसत्या मॅचेस खेळून काढायच्या. म्हणजे एकही दिवस न चुकवणाऱ्यालाही थोडं जास्त खेळावं लागतंच. आता यातून चवथीचे ५ दिवस आणि चाचणी परीक्षेचे ८ दिवस काढा. रोजच्या मिशनांमधून साडेसहा लेव्हल गेल्या. इव्हेंट नेमका त्या पाच दिवसांत पडला तर आणखी १५. तुम्ही साडेअडुसष्टवर अडकलात, आणि आता स्क्रीनवर 'लेव्हल विकत घ्या' हे बटण येतं. पास घेताना जी किंमत दिली ती आता लहान वाटते, कारण त्यापेक्षा मोठी गोष्ट, म्हणजे घातलेले पन्नास दिवस, वाया जाताना दिसते.

यावर उपाय साधा आहे आणि तो बहुतेक ठिकाणी चालतो. पास पहिल्या दिवशी घेऊ नका. फुकट रांगेत खेळत राहा. तुम्ही जी लेव्हल गाठलेली असते तिथपर्यंतची पैशाच्या रांगेतली सगळी बक्षिसं पास नंतर घेतला तरी एकदम मिळतात. म्हणजे शेवटच्या आठवड्यात, हातात किती लेव्हल आहेत हे बघून, ही बक्षिसं एवढ्या पैशाची आहेत का हे ठरवता येतं. १०० पैकी ७० झाल्या असतील तर ७० व्या लेव्हलपर्यंतच्या वस्तू बघा आणि फक्त त्यांची किंमत करा. शंभराव्या वस्तूकडे बघून सत्तरीचा पास घेऊ नका.

यात चुका कुठे होतात तेही सांगतो. काही पासांमध्ये पैसे भरणाऱ्याला जादा मिशनं किंवा अनुभवगुणांत वाढ मिळते, तिथे उशिरा घेणाऱ्याच्या लेव्हल थोड्या कमी भरतात. हे पासच्या माहितीच्या पानावर लिहिलेलं असतं. आठवड्याची मिशनं साठून राहतात की आठवडा संपला की बुडतात, हेही तिथेच असतं, आणि साठत असतील तर अर्धी चिंता तिथेच मिटते. शेवटची चूक सर्वांत वाईट. शेवटच्या रात्री पास घेणं. यूपीआयचा व्यवहार अडकला, 'प्रलंबित' दाखवत राहिला आणि मधल्या वेळात सीझन बंद झाला, तर पैसे परत मिळवण्यात पुढचे काही दिवस जातात. घ्यायचाच तर निदान दोन दिवस आधी घ्या.

खऱ्या आकड्यांचं उदाहरण हवं असेल तर 'गेन्शिन इम्पॅक्ट' घ्या. तिथला पास ५० लेव्हलचा, एका लेव्हलला १००० गुण, आणि आठवड्याच्या मिशनांमधून आठवड्याला जास्तीत जास्त १०,००० गुण. म्हणजे आठवड्याला १० लेव्हल, पाच आठवड्यांत पास पूर्ण. पास साधारण सहा आठवडे चालतो. एक आख्खा आठवडा मोकळा आहे, आणि पूर्ण मुदतीसाठीची वेगळी मिशनं या मर्यादेच्या बाहेर आहेत. हे माहीत असलेला माणूस चवथीला फोन बाजूला ठेवून माटोळी बांधायला बसू शकतो. माहीत नसलेला अंगणाच्या कोपऱ्यात जातो. दोघांचाही पास शेवटी पुराच होतो.

आणखी एक बारकावा. पुष्कळ पास पुरे केले की पुढच्या पासपुरतं चलन परत देतात. लोक याला 'पैसे वसूल' म्हणतात. पण ते चलन वरच्या पायऱ्यांवर पसरलेलं असतं, म्हणून अर्ध्यावर सोडलं तर वसुली होत नाही. एकदा भरलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून दर सीझन पुरा करत राहायचं, असा तो करार आहे. सही करताना तो करार म्हणूनच वाचावा.

पास हे पहिलं घड्याळ. दुसरं घड्याळ ऊर्जेचं, म्हणजे वेळेनुसार आपोआप भरत जाणाऱ्या साठ्याचं. २००९ च्या 'फार्मव्हिल'मध्ये स्ट्रॉबेरी चार तासांत तयार होई, आणि वेळेत काढली नाही तर सुकून जाई. आजच्या गेममध्ये सुकत नाही, भरून सांडते. गेन्शिनमध्ये या ऊर्जेला रेझिन म्हणतात, ते दर ८ मिनिटांना १ मिळतं. आधी साठ्याची मर्यादा १६० होती, म्हणजे २१ तास २० मिनिटांत टाकी भरायची. दिवसातून एकदाच येणाऱ्याचं रोज २० रेझिन सांडायचं. ते वाचवायला दिवसातून दोनदा यावं लागे. २०२४ मध्ये मर्यादा २०० केली, आता भरायला २६ तास ४० मिनिटं लागतात आणि दिवसातून एकदा आलं तरी काही सांडत नाही. फक्त ४० चा फरक, पण लाखो लोकांचं दिवसातलं एक उघडणं त्यात वाचलं. कुठल्याही गेमबाबत हा भागाकार करून बघा. पूर्ण साठा भरायला लागणारा वेळ २४ तासांच्या आत असेल तर ती गेम तुम्हाला दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा बोलावते आहे. आठ तास असेल तर झोपेच्या आधी आणि उठल्याबरोबर.

एक दिवस चुकला तर नुकसान किती? गेन्शिनमध्ये एक आख्खा दिवस म्हणजे १८० रेझिन, २० ला एक याप्रमाणे ९ फेऱ्या. महिन्याच्या २७० फेऱ्यांमधल्या ९. तिसावा भाग. हा आकडा कागदावर लिहिला की तो जेवढा आहे तेवढाच दिसतो.

रात्री दीडला पोरं जागी का असतात, याचंही उत्तर एका आकड्यात आहे. गेन्शिनचा दिवस सर्व्हरच्या पहाटे ४ ला बदलतो. आशिया सर्व्हरवर ती वेळ आपल्याकडे रात्री १:३० ला येते, युरोपवर सकाळी ८:३० ला, अमेरिकेवर दुपारी २:३० ला. आशियावर खेळणाऱ्याला रात्री दीडच्या आधी जुना दिवस संपवायचा असतो आणि दीडनंतर नवा उघडलेला असतो. प्रगती सर्व्हरनुसार वेगळी राहते, नंतर हलवता येत नाही. म्हणून घरात कुणी नव्यानं सुरू करत असेल तर सर्व्हर निवडायच्या आधी ही वेळ बघा. मित्र कुठल्या सर्व्हरवर आहेत हेही बघावं लागतं, कारण सर्व्हर वेगळा असेल तर एकत्र खेळता येत नाही. बाकीच्या गेमच्या 'रीसेट'ची वेळही भारतीय वेळेत काढून भिंतीवर लावा. अर्ध्या भांडणांचं मूळ तिथे सापडतं.

तिसरं घड्याळ बॅनरचं, म्हणजे एखादं पात्र मिळवण्याच्या ठरावीक दिवसांच्या सोडतीचं, आणि पैसा खरा इथे जातो. उदाहरण गेन्शिनचंच. एक पात्र साधारण तीन आठवड्यांसाठी येतं. एका विशला, म्हणजे सोडतीतल्या एका खेपेला, १६० प्रिमोजेम (गेममधलं चलन) लागतात. पंचतारांकित, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचं, पात्र मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के. ९० व्या विशला ते नक्की मिळतं, आणि चौऱ्याहत्तरीच्या आसपास शक्यता झपाट्यानं वाढू लागते. पण पंचतारांकित म्हणजे तुम्हाला हवं तेच नव्हे. पहिलं पंचतारांकित दुसरंच कुणी निघू शकतं, आणि तसं झालं तर पुढचं पंचतारांकित हवं तेच नक्की. म्हणजे सर्वांत वाईट स्थितीत १८० विश, २८,८०० प्रिमोजेम. रोजच्या कमिशनांतून (छोट्या कामांतून) दिवसाला ६० मिळतात, तेवढ्यावरच राहिलात तर ४८० दिवस. इव्हेंटमधून आणि इतर मार्गांनी आणखी मिळतात म्हणून प्रत्यक्षात कमी लागतात, पण २१ दिवसांच्या बॅनरमध्ये ते बसत नाहीत हे उघड आहे. बॅनर सुरू झाल्यावर साठवायला लागलेल्या माणसाला ते पात्र पैशाशिवाय मिळणं नशिबावर आहे. साठवण आधीच्या बॅनरांवर करायची असते, म्हणजेच त्यांतले बहुतेक सोडून द्यायचे असतात.

भीती कमी करणारी एक गोष्ट गेमच्या नियमांतच आहे आणि पुष्कळांना ती ठाऊक नसते. पात्रांच्या मर्यादित बॅनरवरची मोजणी पुढच्या तशाच बॅनरवर तशीच चालू राहते. ६० विश केल्या आणि बॅनर संपला तर त्या ६० वाया गेलेल्या नाहीत. 'आता इतकं केलंय तर पुरंच करू' या विचाराला इथे आधार नाही. शस्त्रांच्या बॅनरवर मात्र सावध राहा. हवं ते शस्त्र नक्की करणारे फेट पॉइंट बॅनर संपला की शून्य होतात. म्हणून तिथे पुरेसा साठा नसताना हातच घालू नये. आणि पात्रं सहसा परत येतात, काही महिन्यांनी, कधी वर्षाहून जास्त काळानं.

गेन्शिनचं महिन्याचं कार्ड, वेल्किन मून, याच साच्यातलं. घेतल्यावर लगेच ३०० क्रिस्टल आणि मग ३० दिवस रोज ९० प्रिमोजेम, पण रोज लॉगिन केलं तरच. चुकलेल्या दिवसाचे ९० परत मिळत नाहीत. पैसे आधी दिलेले आहेत, माल हप्त्याहप्त्यानं, आणि हप्ता घ्यायला दुकानात तुम्हीच जायचं. कार्ड घ्यायचंच असेल तर परीक्षा, जत्रा, चवथ ज्या महिन्यात नाही तो महिना निवडा.

मांडवीवरच्या कॅसिनो बोटीवर २१ वर्षांखालच्या माणसाला जाता येत नाही. त्याच नदीकाठी बाकावर बसलेला चौदा वर्षांचा मुलगा फोनवर ०.६ टक्क्यांच्या शक्यतेवर दहा-दहा विश करू शकतो. दोन्ही गोष्टी कायद्याच्या भाषेत एक नाहीत, कारण विशमधून रोख पैसे निघत नाहीत. पण दहा विशच्या त्या चमकत्या फितीसमोर मुलाच्या मनात जे चालतं ते कॅसिनोतल्या माणसाच्या मनाहून वेगळं आहे, असं मला वाटत नाही. जपानने २०१२ मध्ये सर्व तुकडे जुळवले तरच बक्षीस देणाऱ्या 'कंप्लीट गाचा'वर बंदी आणली, बेल्जियमने २०१८ मध्ये पैशाच्या लूट बॉक्सना, म्हणजे आत काय निघेल हे आधी न कळणाऱ्या पेट्यांना, जुगार ठरवलं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये गेन्शिनच्या कंपनीशी २ कोटी डॉलरचा समझोता केला, त्यात १६ वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय लूट बॉक्स विकण्यास मनाई आहे.

दुकानातल्या टायमरबद्दल थोडक्यात. 'व्हॅलोरंट'मध्ये रोज चार स्किन बदलतात, पण त्या पुन्हा येऊ शकतात. त्याच गेममध्ये पासच्या स्किन मात्र रोजच्या दुकानात येत नाहीत. हा फरक विकत घेण्याआधी शोधावा. कारण काही टायमर खोटेच असतात. नेदरलँड्सच्या ग्राहक प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये फोर्टनाइटच्या एपिक कंपनीला ११ लाख २५ हजार युरोचा दंड ठोठावला, आणि त्यातला एक मुद्दा असा की दुकानातलं उलटं घड्याळ शून्यावर गेल्यानंतरही काही वस्तू तिथेच विकायला होत्या. चलनाचंही तसंच. फोर्टनाइटचा पास बरीच वर्षं ९५० व्ही-बक्सला होता आणि चलन १००० च्या पुड्यात मिळे. उरलेले ५० कशालाच पुरत नसत, पण असतात म्हणून पुढचा पुडा घ्यावासा वाटतो. कुठलीही वस्तू घेण्याआधी तिची किंमत रुपयांत लिहा. पुड्याचे रुपये भागिले पुड्यातलं चलन, गुणिले वस्तूचं चलन. आणि वस्तूसाठी दोन पुडे घ्यावे लागत असतील तर दोन्हींचे पूर्ण रुपये धरा.

मित्रांमुळे येणारा दबाव मात्र पैशाच्या हिशेबात बसत नाही. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'चं युद्ध म्हणजे २४ तास तयारी आणि २४ तास लढाई, प्रत्येकाला दोन हल्ले. तुमचे दोन हल्ले राहिले तर हरतो आख्खा क्लॅन, म्हणजे गट, आणि त्यात शाळेतले वर्गमित्र असतात. ही जबाबदारी मुलं मनापासून पाळतात, म्हणून तिची थट्टा करू नये. प्रोफाइलमध्ये युद्धात सामील होणार की नाही याची हिरवी-लाल खूण असते. गावी जाण्याआधी ती लाल करायची, आणि युद्ध शोधायला घेण्याआधी करायची, कारण नाव यादीत गेल्यावर उपयोग नाही. 'पोकेमॉन गो'चा कम्युनिटी डे, म्हणजे एखादा पोकेमॉन पुष्कळ दिसण्याचा दिवस, स्थानिक वेळेनुसार दुपारी २ ते ५ असतो. जूनच्या पावसात पणजीत तो हुकला तर हुकला. त्या वर्षातले बरेच पोकेमॉन डिसेंबरमध्ये पुन्हा येतात.

आपल्या देशात कायदा कुठे आहे? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात १३ प्रकार आहेत आणि खोटी घाई हा त्यातला एक. 'फक्त आज' म्हणून विकलेली वस्तू उद्या त्याच भावानं दिसली तर दोन्ही दिवसांचे स्क्रीनशॉट, तारीख-वेळेसकट, ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांबद्दल आहे. बॅटल पास आणि स्किनची विक्री त्यानं थांबलेली नाही, तेव्हा 'आता बंदी आलीये' असं समजून पालकांनी निर्धास्त राहू नये.

आता फोनवर करायच्या गोष्टी. पहिली, सूचना बंद करणं, पण सरसकट नव्हे. अँड्रॉइडवर गेमची सूचना आली की ती दाबून धरा, तिचा प्रकार दिसतो आणि तेवढाच बंद करता येतो. मित्रांचे निरोप ठेवा, 'ऊर्जा भरली', 'ऑफर संपतेय' हे काढा. सगळ्याच बंद केल्या तर मूल काही हुकतंय का हे बघायला स्वतःहून जास्त वेळा गेम उघडतं.

दुसरी, खरेदीची पडताळणी. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे आपलं चित्र, सेटिंग्ज, आणि तिथे खरेदीसाठी पडताळणीचा पर्याय. फोनच्या आवृत्तीप्रमाणे नाव थोडं बदलतं. 'प्रत्येक खरेदीला' हेच निवडा. अर्ध्या तासाची सवलत देणारा पर्याय दिसला तर तो घेऊ नका, कारण एकदा तुम्ही स्वतः पासवर्ड टाकून ५० रुपयांची वस्तू घेऊन दिलीत की पुढचा अर्धा तास दार उघडं. दुसरी चूक अशी की गेम खेळायला फोन द्यायचा म्हणून मुलाचं बोट त्यात नोंदवलेलं असतं. मग पडताळणी त्याच्याच बोटानं होते. बोटांची यादी तपासा. आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये आशय आणि गोपनीयतेच्या निर्बंधांत जाऊन अ‍ॅपमधली खरेदीच बंद करता येते.

प्ले स्टोअरमध्ये महिन्याचं बजेटही लावता येतं, पण ते खरेदी अडवत नाही, फक्त सांगतं. खरोखर अडवायचं असेल तर कार्ड आणि यूपीआय काढून टाका आणि ठरलेल्या रकमेचा गिफ्ट कोड घालून द्या. तेवढे संपले की संपले. फक्त ती शिल्लक पुन्हा रोख करता येत नाही, म्हणून लहान रकमेचे कोड घ्या.

मुलानं नकळत खरेदी केली असेल तर ४८ तासांच्या आत गूगलकडे परताव्याची मागणी करा. त्यानंतर गेमच्या कंपनीकडे जावं लागतं. खात्यातून परवानगीशिवाय भलत्याच कुणी पैसे काढले असतील तर मुदत १२० दिवसांची आहे. ऑर्डर क्रमांक ईमेलवर आलेल्या पावतीत असतो, तो आधी शोधून ठेवा.

आणि बोलणं. मॅचच्या मध्यात फोन काढून घेतला की मुलाच्या लेखी तुम्हीच त्या उलट्या घड्याळाच्या बाजूचे होता. त्यापेक्षा सीझनच्या पहिल्या रविवारी शेजारी बसून विचारा, हा कधी संपतो, रोज किती लागतं, तुला यातलं नेमकं काय हवंय. दहावीची परीक्षा आणि चवथ त्याच कॅलेंडरवर लिहा आणि वरचं गणित त्यालाच करू द्या. बहुतेक मुलं स्वतःच सांगतात की शंभरावी लेव्हल होणार नाही, बासष्टावीचं शस्त्र मात्र हवंय. मग ६२ पर्यंत खेळायचं. ही तडजोड टिकते, कारण आकडा त्याचा आहे.

सगळ्या गेम अशाच असतात असंही नाही, आणि निवडताना हे बघायला हवं. 'हेलो इन्फिनिट'चे घेतलेले पास संपत नाहीत, 'हेलडायव्हर्स २'चे वॉरबाँड नावाचे पासही नाहीत. 'डीप रॉक गॅलॅक्टिक'मध्ये पास फुकट आहे, आणि सीझनमध्ये राहून गेलेल्या वस्तू नंतर नेहमीच्या खेळात सापडतात. फोर्टनाइटनेही ऑगस्ट २०२४ च्या सीझनपासून सांगितलं की पासमधल्या वस्तू १८ महिन्यांनंतर दुकानात येऊ शकतील. म्हणजे 'पुन्हा कधीच नाही' हा आकडाही बदलता येत होता.

सुट्टीपुरती गेम काढून टाकायची ठरवलीत तर एक गोष्ट आधी तपासा. सेटिंग्जमध्ये जाऊन खातं ईमेलला, गूगलला किंवा अ‍ॅपलला जोडलेलं आहे का ते बघा. जोडलेलं असेल तर अ‍ॅप काढल्यानं काही जात नाही, सगळं सर्व्हरवर राहतं. 'बीजीएमआय' (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) जुलै २०२२ ते मे २०२३ स्टोअरवरून गायब होती, तरी परत आल्यावर लोकांच्या वस्तू जागेवर होत्या. पण 'गेस्ट' म्हणून खेळत असाल तर अ‍ॅपबरोबर खातंही जाऊ शकतं, आणि ते परत मागायला हातात काहीच पुरावा नसतो. आधी खातं जोडा, दुसऱ्या फोनवर एकदा उघडून खात्री करा, मग काढा.